शेरूचा ठोका कुठे अडला?

एप्रिल महिना होता. चंद्रपूरहून मोहर्लीला जाणारा रस्ता या दिवसांत पहाटेच काय तो सुसह्य असतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या या प्रवेशद्वारापाशी जिप्सींची रांग लागते. त्याच सुमाराला आसपासच्या गावांतली माणसे टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला बाहेर पडतात. वाकून फुले वेचणाऱ्याला मागून येणारे जनावर दिसत नाही. म्हणून काही जण सोबत कुत्रे नेतात. कुत्रे भुंकले की माणूस सावध होतो.

शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही तेव्हा मोहर्लीत होतो. दुपारी एक बाई आपल्या कुत्र्याला दोरीने धरून शाळेच्या ओसरीवर आल्या. कुत्र्याचे नाव शेरू. गेल्या महिनाभरात तो चार वेळा धावता धावता कोसळला होता. गावात बोलले जाऊ लागले होते की तो पिसाळला आहे, त्याला संपवून टाका. दोघा-तिघांनी काठ्याही काढल्या होत्या. "याले फीट येते जी, पन हा पिसाळला नाही," बाई परत परत सांगत होत्या.

आम्ही त्यांना तीन प्रश्न विचारले. तो केव्हा पडतो? पडल्यावर कसा दिसतो? उठल्यावर कसा वागतो? उत्तरे अशी होती: गुरांमागे धावताना किंवा आनंदाने उड्या मारताना पडतो, अंग एकदम सैल पडते, वीस-पंचवीस आकडे मोजेपर्यंत उठतो आणि लगेच शेपटी हलवत जवळ येतो.

मग बाईंनी त्याला धरले आणि आम्ही मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मांडीच्या वरच्या भागात बोटे टेकवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ३६ भरली. ओसरीच्या दोन फेऱ्या हळूहळू मारून आणले आणि पुन्हा मोजली. ३८.

विश्रांती घेणाऱ्या निरोगी कुत्र्याचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १४० ठोके देते. चालल्यावर ते वाढायला हवेत. शेरूचे ठोके कमी होते हे तर खरेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ते वाढायला तयार नव्हते. असे का होते, हे समजून घेण्यासाठी हृदयातल्या एका छोट्याशा वाटेची ओळख करून घ्यायला हवी.

ठोका कोण देतो?

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य क्षारद्रावणात ठेवले तरी बराच वेळ धडधडत राहते. म्हणजे ठोका देण्याचा आदेश मेंदूकडून येत नाही, तो हृदयातच तयार होतो. पण हृदयात नेमका कुठे?

याचे उत्तर एका वैद्यकीय विद्यार्थ्याने शोधले. इंग्लंडमध्ये आर्थर कीथ या शरीररचनातज्ज्ञाच्या घरी मार्टिन फ्लॅक हा तरुण उन्हाळ्यात काम करत होता. एके दिवशी कीथ पतिपत्नी सायकलवरून फिरून परत आली, तेव्हा फ्लॅकने त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या, बिळात राहणाऱ्या मोल या प्राण्याचे हृदय दाखवले. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात, जिथे वरची महाशिरा येऊन मिळते तिथे, त्याला वेगळ्याच पेशींचा एक पुंजका दिसला होता. १९०७ साली दोघांनी तो शोध प्रसिद्ध केला. हीच सायनस गाठ. तिच्यातल्या पेशींमध्ये आयनांची आवकजावक अशी चालते की कोणी न सांगताही त्यांच्यात ठरावीक अंतराने विद्युतस्पंद निर्माण होतो. हा स्पंद अलिंदांवर पसरतो, आणि अलिंदे आकुंचन पावून रक्त खाली निलयांत ढकलतात.

आता खरी अडचण येते. अलिंदे आणि निलये यांच्यामध्ये तंतुमय ऊतीचे एक कडे असते. त्यातून वीज वाहत नाही. मग संदेश खाली जातो कसा?

एकच फाटक

त्या कड्यात संदेशासाठी एकच वाट असते. जर्मनीत मारबुर्ग येथे काम करणाऱ्या सुनाओ तवारा या जपानी शास्त्रज्ञाने १९०६ साली ही संपूर्ण वाट दाखवून दिली. त्याआधी, १८९३ साली, व्हिल्हेल्म हिस यांनी तिचा एक तुकडा पाहिला होता, आणि निलयांच्या भिंतीतले तिचे शेवटचे फाटे पुर्किन्ये यांनी १८३९ सालीच नोंदवले होते. तवारांनी हे तुकडे जोडले: अलिंदांच्या तळाशी एक गाठ, तिच्यातून निघणारा तंतूंचा जुडगा, त्याच्या डाव्या व उजव्या शाखा आणि शेवटी निलयभर पसरलेले पुर्किन्ये तंतू. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या या गाठीला एव्ही गाठ म्हणतात. आपण तिला फाटक म्हणू.

मोहर्लीच्या फाटकाचेच उदाहरण घ्या. प्रत्येक जिप्सी तिथे थांबते, नोंद होते, मग आत सोडली जाते. एव्ही गाठही तेच करते. इतरत्र वेगाने धावणारा संदेश या गाठीत अगदी मंद होतो. हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, पण तेवढ्यात अलिंदांतले रक्त निलयांत उतरते. मग पुर्किन्ये तंतूंच्या हमरस्त्यावरून संदेश सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावतो आणि दोन्ही निलये जवळजवळ एकाच क्षणी आवळली जातात. निलये भरण्याआधीच आकुंचन पावली तर रिकामा पंप चालवल्यासारखे होईल.

हा सगळा प्रवास शरीराबाहेरून टिपता येतो. लंडनमधले ऑगस्टस वॉलर आपल्या जिमी नावाच्या बुलडॉग कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून त्याच्या हृदयातली वीज लोकांना दाखवत. १९०९ साली रॉयल सोसायटीतल्या एका प्रात्यक्षिकानंतर, हा कुत्र्याचा छळ नाही का, असा प्रश्न ब्रिटिश संसदेत विचारला गेला. पाणी साधे खारे होते आणि कुत्रा आपखुशीने उभा होता, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला! पुढे विलेम आइनथोव्हेन यांच्या उपकरणामुळे आजच्या ईसीजीचा पाया घातला गेला. त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ईसीजीतला पहिला लहान उंचवटा म्हणजे अलिंदांवर पसरणारा संदेश, त्यानंतरचे उंच टोक म्हणजे निलयांतला संदेश. दोहोंमधले अंतर म्हणजे फाटकावर गेलेला वेळ.

फाटक तीन प्रकारे अडते

पहिल्या प्रकारात प्रत्येक संदेश पार होतो, पण नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन. फाटकावरचा माणूस सावकाश नोंद करतो, इतकेच. बाहेरून काहीच कळत नाही.

दुसऱ्या प्रकारात काही संदेश पार होतात, काही परत फिरतात. कधी प्रत्येक ठोक्याला उशीर थोडा थोडा वाढत जातो आणि मग एक ठोका गळतो. कधी आधी काही सूचना न देता अचानक ठोका गळतो. दुसरी तऱ्हा जास्त काळजीची, कारण तिथे बिघाड बहुधा फाटकाच्या खालच्या वाटेवर असतो.

तिसऱ्या प्रकारात फाटक पूर्ण बंद. सायनस गाठ मिनिटाला १३० संदेश पाठवत असेल, पण खाली एकही पोचत नाही. मग प्राणी जगतो कसा? वाटेच्या खालच्या भागातल्या पेशींनाही स्वतःचा मंद ठोका देता येतो. एरवी वरून येणाऱ्या जलद संदेशांमुळे त्यांना संधीच मिळत नाही. बाहेरच्या गाड्या बंद झाल्या तर जंगलातला वनरक्षक आपल्या संथ वेळापत्रकाने गस्त घालतोच, तसे हे आहे. कुत्र्यात हा राखीव ठोका साधारण मिनिटाला ३० ते ४० असतो. अलिंदे आपल्या तालावर, निलये आपल्या. दोघांचा संबंध तुटलेला.

शेरूची नाडी आठवा: ३६ आणि ३८. धावताना स्नायूंना जास्त रक्त हवे असते. सायनस गाठ वेग वाढवतही असते, पण तो वेग फाटकापलीकडे जात नाही. मेंदूला रक्त कमी पडते आणि कुत्रा कोसळतो. पडून राहिला की गरज कमी होते आणि तो उठतो.

यावरून मूर्च्छा आणि फीट यांत फरक करता येतो. हृदयामुळे येणारी मूर्च्छा बहुधा श्रम किंवा उत्तेजनेच्या वेळी येते, अंग सैल पडते, काही सेकंदांत संपते आणि प्राणी लगेच भानावर येतो. मेंदूतून येणारी फीट बरेचदा झोपेत किंवा विश्रांतीत येते. तीत अंग ताठ होते, पाय झाडले जातात, जबडा वाजतो, फेस येतो आणि नंतर बराच वेळ प्राणी गोंधळलेला राहतो. हा फरक दरवेळी स्वच्छ दिसेलच असे नाही. मूर्च्छेतही पाय ताठ होऊ शकतात, लघवी होऊ शकते. रेबीजमध्ये मात्र वागणूक बदलते, आवाज बदलतो, गिळता येत नाही, लाळ गळते, आणि लक्षणे दिवसेंदिवस वाढत साधारण दहा दिवसांच्या आत प्राणी मरतो. महिनाभरात चार वेळा पडून मधल्या काळात ठणठणीत राहणारा शेरू यात बसत नव्हता. तरीही शंका असेल तर कुत्र्याला हात लावू नये, पशुवैद्यकाला कळवावे. कोणत्याही कुत्र्याने चावल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच लस घ्यावी. यात सूट नाही.

हुकूम की गंज?

फाटक बंद दिसले म्हणून ते मोडलेच असे नाही. वरून हुकूम आला म्हणूनही ते बंद असेल.

हा हुकूम व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे येतो. तो सायनस गाठीला मंद करतो आणि फाटकावरचा उशीर वाढवतो. कुत्र्यांत त्याचा प्रभाव फार असतो. शांत झोपलेल्या निरोगी कुत्र्याची नाडी श्वास घेताना जलद आणि सोडताना मंद होते. हा अनियमितपणा म्हणजे आजार नव्हे. असे कुत्रे विश्रांतीत असताना पहिल्या प्रकारचा अडथळा, कधी एखादा गळालेला ठोकाही दाखवते. उठून दोन उड्या मारल्या की सारे सुरळीत. हुकूम मागे घेतला, फाटक उघडले.

पशुवैद्यक हीच परीक्षा औषधाने करतात. अ‍ॅट्रोपीन व्हेगसचा परिणाम रोखते. ते दिल्यावर वेग वाढला तर अडथळा हुकमाचा. वाढलाच नाही तर बिजागरी गंजली आहे असे समजायचे: म्हणजे वाटेवरच्या पेशी वयाने, दाहाने किंवा हृदयाच्या स्नायूच्या आजाराने निकामी झाल्या आहेत. कधी बिघाड फाटकावर नसून सायनस गाठीतच असतो. ती मध्येच काही सेकंद गप्प बसते. मिनिएचर श्नाउझर, वेस्ट हायलंड व्हाइट टेरिअर, कॉकर स्पॅनिअल या जातींत हा विकार जास्त आढळतो.

तिसरे कारण विषाचे. पावसाळ्यात भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे जमिनीवरचे बेडूक, बाहेर पडतात आणि कुत्री त्यांना तोंडात धरतात. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतल्या विषात हृदयावर परिणाम करणारे पदार्थ असतात. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांतही त्याच धर्तीची विषे आहेत. पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा पंप ती बंद पाडतात. परिणामी फाटक अडते, शिवाय निलयांत भलतेच ठोके सुरू होतात. भेक चावलेल्या कुत्र्याचे डोके खाली धरून, आपली बोटे सांभाळत, तोंडातून पाणी बाहेर वाहील असे ते धुवावे आणि वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

मांजर लपवून ठेवते

दवाखान्यात तपासलेल्या मांजराचे ठोके मिनिटाला १४० ते २२० असतात. त्याचे फाटक पूर्ण बंद झाले तरी राखीव ठोका १०० च्या आसपास पडतो. माणसाच्या मापाने १०० म्हणजे चांगलाच वेग. त्यामुळे नाडी मोजणारा फसतो. मांजर मुळातच धावपळ कमी करते, दिवसाचा बराच भाग झोपते. म्हणून कित्येक मांजरांतला पूर्ण अडथळा दुसऱ्याच कारणासाठी तपासताना कळतो. मांजरांत त्यामागे अनेकदा हृदयाच्या भिंती जाड होण्याचा आजार असतो.

आणखी एक प्रसंग बोक्यांत घडतो. मूत्रमार्ग खड्यांनी किंवा चिकट बोळ्याने बंद झाला की रक्तातले पोटॅशियम वाढत जाते. अलिंदांचे स्नायू त्याला प्रतिसाद देईनासे होतात. ईसीजीतला पहिला उंचवटा नाहीसा होतो आणि ठोके मंदावतात. लघवीसाठी वारंवार बसणारा, ओरडणारा आणि मग निपचित पडणारा बोका हा त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्यायचा रोगी आहे. इथे हृदयाला दुरुस्तीची गरज नसते. मूत्रमार्ग मोकळा केला आणि पोटॅशियम उतरवले की ताल परत येतो.

आणि सर्वांत मोठी मांजर

मोहर्लीत बसून मांजराच्या हृदयाबद्दल बोलायचे आणि वाघाला वगळायचे, हे शक्य नाही. वाघ मार्जारकुळातलाच. २०२४ च्या अखेरीस ताडोबा-अंधारीतल्या जमुना आणि झीनत या दोन वाघिणी ओडिशातल्या सिमिलीपालला नेण्यात आल्या. झीनत तिथून झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये पोचली आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडावे लागले. चंद्रपूर जिल्ह्यात माणसांवर हल्ले झाल्यावर वाघ पकडण्याचे प्रसंगही येतात. गोष्ट प्रत्येक वेळी त्या एका सुईपाशी येते.

वाघासाठी भारतात बहुधा केटामाइनबरोबर झायलाझिन किंवा मेडेटोमिडीन वापरतात. यांतली नंतरची दोन औषधे रक्तवाहिन्या आवळतात. रक्तदाब वाढतो, त्याला आवर घालण्यासाठी व्हेगस हृदयाला मंद करतो, आणि फाटकावर ठोके गळू शकतात. कुत्र्यामांजरांतही या औषधांनी हेच होते. म्हणजे मोडतोड काही नसते, फक्त हुकूम असतो, आणि तो परत घेता येतो. काम संपल्यावर झायलाझिनसाठी योहिम्बीन आणि मेडेटोमिडीनसाठी अ‍ॅटिपामेझोल ही उलट औषधे दिली की ठोके पूर्ववत होतात.

मग मंद ठोका दिसताच अ‍ॅट्रोपीन का देऊ नये? इथे विद्यार्थ्यांना विचार करायला लावावे. रक्तवाहिन्या आवळलेल्या असताना हृदयाला जबरदस्तीने पळवले तर त्याला जास्त दाबाविरुद्ध जास्त काम करावे लागेल. अशा वेळी मंद ठोका हा हृदयाने केलेला शहाणा बचाव असतो. शेरूची ३६ ची नाडी आणि निजलेल्या वाघाची मंद नाडी वरवर सारखी वाटते, पण कारण वेगळे म्हणून उपायही वेगळा. म्हणूनच पथकातले पशुवैद्यक वाघाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याचा श्वास, नाडी आणि ताप सतत मोजत बसतात. विदर्भाच्या उन्हात ताप चढणे हाही तितकाच मोठा धोका असतो.

शेरूचे पुढे काय झाले?

शेरूला चंद्रपूरला आणि तिथून नागपूरला नेले. ईसीजीत तिसऱ्या प्रकारचा अडथळा दिसला. अ‍ॅट्रोपीनने फरक पडला नाही. गंजलेल्या फाटकावर खरा उपाय एकच, पेसमेकर. मानेतल्या शिरेतून एक तार हृदयात सोडतात आणि बॅटरी मानेच्या कातडीखाली ठेवतात. माणसांचे पेसमेकर कुत्र्यांचे ऋणी आहेत, कारण विल्सन ग्रेटबॅच यांच्या पेसमेकरची पहिली चाचणी ७ मे १९५८ रोजी अमेरिकेत बफेलो येथे कुत्र्यावरच झाली होती. भारतात डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीतल्या एका कॉकर स्पॅनिअल कुत्रीला पेसमेकर बसवला गेला. देशातली अशी पहिली शस्त्रक्रिया म्हणून वृत्तपत्रांत तिची बातमी आली. मोहफुले वेचणाऱ्या घराला हा खर्च झेपणारा नव्हता. वेग थोडा वाढवणाऱ्या गोळ्या मिळाल्या, पण त्यांनी तुटलेली वाट जोडली जात नाही.

बाईंनी निर्णय घेतला. शेरू आता रानात जाणार नाही, कारण धोक्याच्या क्षणीच जो कोसळेल तो राखणदार कसला? तो अंगणात राहिला. पावसाळा संपेपर्यंत जगला आणि एका रात्री झोपेतच गेला. गावाने त्याच्यावर काठी उचलली नाही, एवढे मात्र ओसरीवरच्या त्या दोन मोजण्यांनी साधले होते.

वर्गात करून पाहा

ज्यांच्या घरी पाळलेले, लस टोचलेले, सवयीचे कुत्रे किंवा मांजर असेल त्याच विद्यार्थ्यांनी, घरातल्या मोठ्या माणसासमोर हे करावे. अनोळखी किंवा भटक्या प्राण्याला हात लावू नये. डावे कोपर छातीला जिथे टेकते तिथे तळहात ठेवला की ठोके जाणवतात. प्राणी झोपाळलेला असताना पूर्ण एक मिनिट मोजा; ताल अनियमित असेल तर पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे फसवे ठरते. श्वासाबरोबर वेग बदलतो का ते पाहा. थोडे खेळवून पुन्हा मोजा. मग स्वतःची नाडीही तशीच दोनदा मोजा.

सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहा आणि प्रश्न विचारा: यांत कोणाचा ठोका मंद आहे? उत्तर येण्याआधी मुलांनी तीन उलट प्रश्न विचारले पाहिजेत. कोणता प्राणी? काय करत असताना? आणि हालचालीनंतर वेग वाढला का? हे तीन प्रश्न आपणहून विचारणाऱ्या वर्गाला हृदयाचा धडा समजला असे खुशाल मानावे.